तीट खाणारी पाटी

"या पडद्यावरील प्रत्येक बिंदू प्रत्यक्ष असेलच असे नाही. मृत बिंदूंची पूर्तता शेजारील बिंदूंच्या साहाय्याने करण्यात येते. वापरकर्त्याने स्वतःच्या डोळ्यांनी खातरजमा करावी."

ही सूचना मी वाचली होती. म्हणजे डोळ्यांखालून गेली होती. तेव्हा माझ्या एका खांद्यावर इंदू होती, तिची ढेकर निघायची होती, आणि दुसऱ्या खांद्यावर आधीच्या ढेकरेबरोबर आलेलं दूध वाळत होतं. वीजबिलाच्या मागच्या बाजूला असतं तसल्या मराठीत लिहिलेलं काही धोक्याचं असेल, असं कुणाला वाटेल? खाली 'समजले' असं हिरवं बटण होतं. ते मी कोपराने दाबलं.

पाटी माझ्या नवऱ्याने, हेरंबने आणली होती. त्या वर्षी 'जोडपाटी' प्रत्येक बारशाला यायची, पूर्वी चांदीचा वाळा यायचा तशी. तळहाताएवढ्या दोन पाट्या. एक आमच्याकडे नाशिकला, दुसरी माझ्या आईबाबांकडे बार्शीला. टेबलावर उभी करून ठेवायची. समोर माणूस आलं की ते दुसरीकडे दिसायला लागतं. नंबर लावायला नको, उचलायला नको, 'आवाज येतोय का' करायला नको. वर पाटीचा कॅमेरा इतका शहाणा की तुम्ही हला, वाका, मागे सरका, तुमचा चेहरा तो बरोब्बर पडद्याच्या मधोमध, एकाच मापात धरून ठेवायचा. देवघरातल्या तसबिरीसारखा.

इंदू म्हणजे आमची मुलगी इंद्रायणी. जुनी नावं पुन्हा फॅशनमध्ये आली होती ना, त्यातलं.

तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. एरवी मी द्राक्षं तपासते. परदेशी जाणाऱ्या घडातला डाग शोधायचा, घड बाजूला काढायचा, हे माझं काम. यंत्रंही तपासतात, पण यंत्रांनी पास केलेलं शेवटी माणसाने बघायचं, असा नियम आहे आणि ते माणूस म्हणजे मी. हंगाम सुरू झाला की मला रुजू व्हायचं होतं, आणि इंदूला सांभाळायला आईबाबा बार्शीहून येऊन राहणार होते. हे ती पोटात असतानाच ठरलं होतं. पाळणाघराचं नाव मी हेरंबला घरात काढू दिलं नव्हतं. आपलं पोर आपल्या आईच्या हातात द्यायचं आणि निश्चिंत घडांकडे बघायचं, बस.

आणि मग आई म्हणाली, "तीट कुठंय?"

"लावलीय की."

"कुठं?"

"गालावर. ही काय."

आईने पाटीजवळ तोंड आणलं. तिचं नाक मोठं झालं नाही, कारण कॅमेऱ्याने तिला लगेच मापात बसवलं. "मुक्ते, मी चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावरची चिंच ओळखायची. मला सांगू नकोस. गाल कोरा आहे."

"आई, मी आत्ता लावली. काजळाने."

"मग पुसली असशील. शिकलेल्या पोरी. लाज वाटते तीट लावायची."

खरं सांगते, दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण तीट मी लावायचे. आईसाठी लावायचे. आता जिच्यासाठी लावायची तिलाच ती दिसत नसेल, तर काय करायचं? मी मोठी लावली.

"नाही दिसत," आई म्हणाली.

मी कपाळावर एक वाढवली. मग दुसऱ्या गालावर. मग हनुवटीवर, तळपायावर. आई रोज पाटीसमोर बसायची, रोज मान हलवायची. "मला काय त्याचं. तुझं लेकरू, तुझी मर्जी." या वाक्यावर उत्तर शोधलेली मुलगी महाराष्ट्रात अजून जन्मायची आहे. मी काजळाची डबी संपवली.

एकदा हेरंब ऑफिसातून आला आणि पाळण्याशी थबकला. "हिला काय झालंय?"

"तीट आहे."

"एवढ्या? मुक्ता, ही सोंगटीच्या फाशासारखी दिसतेय."

"तुझ्या सासूला सांग."

इंदू त्याच्याकडे बघून हसली. पाच-सहा ठिपके एकदम हलले. हेरंबने तिला उचललं आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाला सगळीकडून दृष्ट लागायची थांबली.

*

मी काळजी करणारी बाई आहे. हे हेरंब टोमणा म्हणून म्हणतो, मी माहिती म्हणून सांगतेय. आईला तीट दिसत नाही याचा अर्थ काय, हा विचार मी इंदूला पाजताना करायला लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नंबर नवा. पाटीतून ती मला भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगायची, माझ्या ड्रेसची उसवलेली शिवण दाखवायची. म्हणजे डोळे ठीक. मग डोळ्यांच्या मागे काही?

अशातच एका सकाळी मी पाटीसमोर आले आणि माझ्या हातातली दुधाची बाटली पडली. आईचं कपाळ मोकळं होतं.

माझी आई दारात दूधवाल्यासमोर कुंकवाशिवाय उभी राहत नाही. दवाखान्यात ऑपरेशन टेबलावर चढताना तिने नर्सला सांगितलं होतं, बाकी काय काढायचं ते काढा, कुंकू राहू दे. त्या बाईचं कपाळ मोकळं.

"आई," मी म्हटलं. "बाबा कुठे आहेत?"

"बाबांचं काय?"

"आई, बाबा कुठे आहेत? खरं सांग. मी बसलेय खाली, सांग."

 आई मागे वळून ओरडली, "अहो! मुक्ता विचारतेय तुम्ही कुठे आहात!"

"संडासात!" बाबांचा आवाज आला. "कशाला पाहिजे तिला?"

मी रडले. आईला वाटलं मी वेडी झाले. मला वाटलं आईला विसर पडायला लागला. कुंकू विसरली. आणि नीट बघितलं तर नाकात चमकीही नव्हती. आजीची चमकी, तिच्या लग्नापासूनची.

"आई, तू आज काही विसरलीस का?"

"मी? काय विसरले?"

मी म्हटलं नाही. म्हणवेना. तू कुंकू लावायला विसरलीस, हे आईला कसं सांगायचं? आणि ती 'लावलंय की' म्हणाली, तर मग?

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आणि ती मात्र मजेत, शेजारच्या घरातलं भांडण सांगतेय.

पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. आई परस्पर हेरंबला फोन करत होती. "हेरंबराव, तिला जरा जपा. बाळंतपणानंतर होतं काही बायकांचं. तीट लावलीय म्हणते आणि लावत नाही. मध्येच रडते. बाबा कुठे आहेत विचारते." आणि मी रात्री जेवताना हेरंबला सांगत होते, "आईला न्यूरॉलॉजिस्टला दाखवायला हवं." तो बिचारा दोन्हीकडे 'हो, हो' म्हणत होता. लग्नानंतर पुरुष हेच एक कौशल्य पूर्णपणे आत्मसात करतात.

आता मुद्दा विसरभोळेपणाचा राहिला नव्हता. मुद्दा असा होता की जी बाई स्वतःचं कुंकू विसरते, ती उकळत्या पाण्याचं पातेलं कुठे ठेवलं ते विसरणार नाही कशावरून? गॅलरीचं दार? माझं पोर तिच्या हातात द्यायचं की नाही?

मी गुपचूप पाळणाघर बघून आले. बिनड्रायव्हरची रिक्षा केली. ती इंदूचा पट्टा नीट बसेपर्यंत हलेना, आणि मला वाटलं, निदान हिला तरी काळजी आहे. पाळणाघर स्वच्छ होतं, बाई गोड होत्या, भिंतीवर ससे होते. मी 'हंगामापासून येऊ' म्हणाले आणि रिक्षात बसून घरापर्यंत नाक पुसत राहिले.

मग आईला सांगायचं होतं.

"आई, तुम्ही एवढ्यात नका येऊ. थंडी आहे. बाबांचे गुडघे आहेत."

"गुडघे गेली वीस वर्षं आहेत."

"नाही, म्हणजे आम्ही एक पाळणाघर बघितलंय. चांगलं आहे."

आई काही बोलली नाही. माझी आई बोलली नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितेय. तिने पदराने पाटीचा पडदा पुसला. मला वाटतं तिला डोळे पुसायचे होते.

"बरं," ती म्हणाली. "बॅग भरली होती. काढते."

*

त्याच आठवड्यात इंदूच्या पोटावर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढं, खूप.  पाटीवरून डॉक्टरांच्या साध्या संगणकावरही बोलता यायचं, म्हणून मी आमच्या बालरोगतज्ज्ञ तुंगार मॅडमना लावलं.

"दाखवा बाळाला," त्या म्हणाल्या. मी इंदूचं झबलं वर केलं. त्यांनी बघितलं. "पाठ दाखवा." पाठ दाखवली. "कुठे आहे पुरळ?"

"हे सगळं! मॅडम, हे बघा ना, सगळीकडे!"

तुंगार मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांचा आवाज बदलला. लहान मुलाच्या आईशी बोलायचा एक आवाज डॉक्टरांकडे असतो, आणि लहान मुलाच्या आईची काळजी वाटली की वापरायचा दुसरा असतो. हा दुसरा होता. "झोप होते का तुमची?"

"माझी? पुरळ तिला आलंय!"

"मुक्ता, बाळाची कातडी एकदम छान आहे. माझ्या क्लिनिकमध्ये इतकं स्वच्छ बाळ मी वर्षभरात पाहिलं नाही. घरी कोणी आहे का मदतीला? आईला बोलावून घ्या ना."

मी रागाने पाटी उचलली. मॅडमच्या अगदी नाकासमोर पुरळ धरावं म्हणून. आणि पाटी उचलताना कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत, जिथे आपलं स्वतःचं चित्र दिसतं आणि जिकडे मी कधी बघत नसे, माझी नजर गेली.

त्या चौकटीत इंदू होती. गुलाबी, गुळगुळीत, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी. पोट कोरं. गाल कोरे.

मी इंदूकडे बघितलं. गालावर रुपयाएवढी तीट. मी पाटीकडे बघितलं. कोरा गाल. इंदूकडे. पाटीकडे. इंदूला वाटलं हा काही खेळ आहे. ती खिदळली.

मग मी पाटीतल्या तुंगार मॅडमकडे नीट बघितलं. मॅडमच्या हनुवटीवर एक ठसठशीत तीळ आहे. म्हणजे असायचा. मला वाटलं होतं, काढून घेतला.

"मॅडम, तुमच्या हनुवटीवरचा तीळ आहे का अजून?"

"झोप घ्या," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

*

कंपनीच्या मदत-क्रमांकावर आधी संगीत वाजलं, मग एक गोड यंत्रबाई म्हणाली की तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, मग पुन्हा संगीत. शेवटी माणूस आला. त्याचं नाव बोंद्रे. आवाजावरून निवृत्तीला आलेला, आणि कंपनीवर मनापासून प्रेम करणारा.

"मॅडम, ही तक्रार नाही, हा आपला 'शेजारधर्म' आहे," ते म्हणाले.

तांत्रिक गोष्ट त्यांनी मला अर्धा तास सांगितली. मी तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण इंदू उठेल.

पडदा म्हणजे असंख्य बारीक दिवे. प्रत्येक दिवा एक ठिपका, ज्याला आपण पिक्सेल म्हणतो. पडदा जितका लहान आणि चित्र जितकं रेखीव, तितके दिवे बारीक, आणि तितके ते मरतात. मेलेला दिवा म्हणजे चित्रात कायमचा काळा ठिपका. पूर्वी असा पडदा फेकून द्यायचे. या कंपनीने काय केलं, प्रत्येक दिव्यावर एक सूक्ष्म भिंग बसवलं, जे थोडासा उजेड बाजूला वळवू शकतं. एक दिवा मेला, की त्याच्या भोवतीचे आठ शेजारी आपापला थोडा उजेड त्याच्या जागेवर टाकतात. रंग कोणता? आठांचा मिळून जो होईल तो. अपार्टमेंटमधलं एक बिऱ्हाड गावाला गेलं तर शेजारपाजारचे त्याच्या दारात पणती लावतात, तसं. कुणाला कळतही नाही की घर रिकामं आहे.

"पण दिवा मेला हे पाटीला कळतं कसं?" मी विचारलं.

"हाच तर कळीचा मुद्दा, मॅडम!" बोंद्रे खुलले. "मेलेला सांगत नाही. कॅमेऱ्यातही असेच बिंदू मरतात. म्हणून पाटी चित्रच तपासते. जो ठिपका शेजाऱ्यांपेक्षा वेगळा आहे, गोल आहे, आणि कायम एकाच जागी आहे, तो मेलेला."

माझ्या डोक्यात सगळं एकदम बसलं. चेहरा पडद्याच्या मधोमध, एकाच मापात धरून ठेवणारा तो शहाणा कॅमेरा! चेहरा हलत नाही म्हणजे चेहऱ्यावरचा ठिपकाही पडद्यावर हलत नाही. रोज त्याच जागी, शेजाऱ्यांपेक्षा वेगळा, गोल. गालावरची तीट. कपाळावरचं कुंकू. नाकातली चमकी.

"बोंद्रेकाका, ही पाटी तुम्ही कुठे कुठे विकली?"

"सुरुवात महाराष्ट्रातूनच. बारशाची भेट म्हणून. प्रचंड प्रतिसाद."

"म्हणजे तुमच्या सगळ्या पाट्यांसमोर पहिले काही महिने फक्त तीट लावलेली बाळं होती."

"हो ना! आणि एका पाटीने शिकलेलं सगळ्या पाट्या शिकतात. आता तर एका जागी थांबायचीही गरज नाही. कातडीवर गोल ठिपका दिसला की लगेच दुरुस्त. दाखवतानाही आणि पाठवतानाही." मग ते अभिमानाने म्हणाले, "आता आपल्या बाळावर कधीच डाग दिसणार नाही."

मी डोळे मिटून घेतले. यंत्राने पास केलेलं माणसाने बघायचं. पगार घेऊन मी हेच करते. "हे बंद कसं करायचं?"

"सोपं आहे. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा राखाडी ठिपका आहे, तो दाबून धरा."

मी बघितलं. "तिथे काही नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"काका?"

"आहे मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "फक्त दिसत नाही. लहान आहे, गोल आहे, आणि एकाच जागी असतो. पहिल्याच आठवड्यात पाटीने तो दुरुस्त केला. आम्ही मग मोठा केला होता. तोही पाटीने दुरुस्त केला."

*

काहीच दिसत नव्हतं त्या जागी मी बोट दाबून धरलं. पाटी थरथरली आणि पडदा बदलला.

मी म्हटलं, हे काय! पडदाभर काळे ठिपके, ताटात तीळ सांडावेत तसे. पाटीचे खरोखर मेलेले दिवे. इतके दिवस मी बघत होते त्यातला बराच भाग शेजाऱ्यांनी ठरवलेला होता. त्या तिळांच्या मागे माझी इंदू, काजळाने माखलेली, पुरळ उठलेली, केस विस्कटलेली. खरी. इतकी घाण दिसत होती की मला भरून आलं.

तुंगार मॅडमना पुन्हा लावलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "घामोळं आहे. स्वेटर किती घालताय हिला?"

तीन. माझी काळजी, दुसरं काय.

मग बार्शी. आई समोर आली नाही. बाबा आले. "ती रागावलीय," ते कुजबुजले.

"बाबा, तिला सांगा तीट दिसेल. शपथ."

आई आली. मोकळं कपाळ, चमकी नाही, चेहरा गुळगुळीत. आता मला माहीत होतं. मी सगळं सांगितलं, शेजारी, दिवे, बोंद्रे. आईने तोंडावर हात ठेवला. "म्हणजे तू लावत होतीस?"

"काजळाची डबी संपली, आई."

"आणि तुला वाटलं मी कुंकू विसरले? मी? म्हणून पाळणाघर?" ती हसायला लागली. बाबांना कळलं नाही, पण तेही हसायला लागले, सवयीने. "अगं, मी हेरंबरावांना म्हटलं, तुला डॉक्टरांकडे न्या!"

"मी म्हटलं, तुला न्या!"

"गरीब बिचारे हेरंबराव," आई म्हणाली. "बोलले नाहीत कुणालाच."

मी तिला कोपरा सांगितला. बाई शाळेत शिकवत होती, पण हे शिकणं कठीण गेलं. "कुठं दाबू? इथं तर काही नाही."

"जिथे काही नाही तिथेच दाब."

"सगळीकडेच काही नाही."

"उजवा कोपरा, आई. तुझा उजवा. जेवायचा हात. त्याच्या खालचा."

"अहो, सरका जरा, सावली पडतेय. हां. दाबलं. पाटी मेली वाटतं. मुक्ते? किती घाण झाली गं ही! झुरळांची पिल्लं फिरलीयत जशी."

आणि मला दिसली माझी आई. आमच्या पडद्याचे मेलेले ठिपके होतेच, त्यात तिच्या कॅमेऱ्याचेही मेलेले ठिपके आले. चेहराभर काळं. त्यात लाल कुंकू आणि कुठेतरी चमकी चमकली. मला इतकं हायसं वाटलं की मी नुसती बघत राहिले.

पण तपासनीस आहे मी. बघत राहिले की मोजायला लागते. एवढे ठिपके, त्यातले यंत्राचे कुठले आणि आईचे कुठले?

"आई, मान हलव."

"कशाला?"

"नाही म्हणायला हलवतेस तशी. इतके दिवस हलवत होतीस की."

शेजारधर्म बंद झाल्यावर चेहरा मधोमध धरून ठेवणंही बंद झालं होतं. आईने मान हलवली. काळे ठिपके जागच्या जागी राहिले, काचेवरच्या माश्यांसारखे. आईचा चेहरा त्यांच्यामागून इकडे तिकडे फिरला. कुंकू तिच्याबरोबर फिरलं. चमकी फिरली.

आणि अजून एक फिरला. नाकाच्या कडेला, डोळ्याच्या खाली. काळपट, मिरीच्या दाण्याएवढा, कडा चकाकणारी.

"आई, ते काय आहे? नाकाशी?"

"कुठं?" तिने बोट लावलं. "हां, ते होय. चामखीळ. दिवाळीत आली होती. मग गेली."

"गेली नाही. मला दिसतेय."

"पाटीत बघितलं ना मी, गेली." ती थांबली. आई रोज सकाळी पाटीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बघूनच केस विंचरायची, हे मला तेव्हा कळलं. कुंकू ती मग न बघताच लावायची, बोटाला जागा माहीत असते. बाथरूमचा आरसा पारा उडालेला. "हाताला लागतं कधीमधी. मी म्हटलं, खपली असेल."

"रक्त येतं?"

"एवढंसं. चेहरा धुताना."

"बाबा, तुम्हाला दिसली नाही?"

"तुझ्या बाबांनी माझ्याकडे शेवटचं बघितलं ते बघायच्या कार्यक्रमात," आई म्हणाली. बाबांनी चष्मा लावला, आईच्या जवळ आले, आणि पहिल्यांदा नीट बघितलं.  त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

*

सकाळच्या एसटीने मी इंदूला घेऊन बार्शीला गेले. आईने दार उघडलं, आणि मी तिला चहासुद्धा करू दिला नाही. अंगणात उन्हात खुर्चीवर बसवलं, हनुवटी धरली आणि घडाकडे बघते तसं बघितलं. पाटीत दिसलं त्याहून मोठं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. ते आठ दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. बाबांनी घरातल्या सगळ्या भांड्यांना कल्हई करून आणली, एवढंच सांगते. आमच्याकडे आता कल्हईची भांडी फारशी नाहीत. ते शेजारच्यांचीही घेऊन गेले.

निकाल आला. "कर्करोगच आहे," डॉक्टर म्हणाले, आणि आम्ही काही बोलायच्या आत पुढे म्हणाले, "पण सगळ्यात आळशी जातीचा. दूर जात नाही, हळूहळू पसरतो. अजून वर्षभर राहिला असता तर डोळ्यापर्यंत गेला असता. आता पूर्ण काढता येईल."

"आळशी?" आई म्हणाली. "चाळीस वर्षं शाळेत एक आळशी माझ्यापुढे टिकला नाही. काढा."

जागेवर भूल देऊन काढला. काढताना ती डॉक्टरांना त्यांचं अक्षर सुधारायचं कसं, ते सांगत होती. टाके पडले, पट्टी बसली, आणि कडा स्वच्छ असल्याचा कागद आला त्या दिवशी आईने पुन्हा बॅग भरली.

आता ती नाशिकला आमच्याकडे आहे. हंगाम जोरात आहे. मी सकाळी निघते तेव्हा इंदू तिच्या मांडीवर असते, नाकावरच्या पट्टीला ओढायला बघते आणि आई तिला ओरडते. पाळणाघराच्या बाईंना मी फोन करून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, सशांनाही आराम.

बोंद्रेकाकांची कंपनी आता प्रत्येक ठिपक्याबद्दल आधी विचारते, 'हा आपला आहे का?' हेरंबच्या पाठीवर इतके तीळ आहेत की तो अंघोळ करून पाटीसमोर आला तर पाटी तासभर चौकशी करते. पण जुन्या पाट्या अजून तशाच आहेत. ज्यांच्या कोपऱ्यात काही दिसत नाही, त्या.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या घरातलं जे माणूस लांब राहतं आणि रोज पाटीवर छान दिसतं, आई असेल, काका असतील, एकटी राहणारी आत्या असेल, त्यांच्याकडे या रविवारी जाऊन या. 'आता कशाला एवढं लांब आलीस' असं म्हणतील, म्हणू द्या. उन्हात खुर्ची टाका, चष्मा काढायला लावा, चेहरा दोन्ही हातांत धरा. नाकाच्या कडेला बघा, कानामागे बघा, मानेवर बघा. लाजतील. तरी बघा.